हिशेबाच्या वहीत न उतरलेले श्रम

पीठ पन्नास पौंडांच्या पोत्याने घ्यावे, थोरल्याचे कपडे वयाच्या चिठ्ठ्या लावलेल्या खोक्यांत धाकट्यासाठी जपावेत, केस घरीच कापावेत, पुस्तके सार्वजनिक ग्रंथालयातून आणावीत आणि मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवावे, अशा रीतीने सात-आठ मुलांचा संसार एका पगारात चालविणारी कुटुंबे अमेरिकेच्या मध्य आणि दक्षिण भागांतील लहान गावांतून आजही आढळतात. तेथील शहरी सुशिक्षितांना ही कुटुंबे म्हणजे एक विक्षिप्त प्रकार वाटतो. उलट मराठी वाचकाला त्यात जुन्या एकत्र कुटुंबाची ओळख पटते आणि थोडे कौतुकही वाटते. उपहास आणि कौतुक या दोन्ही प्रतिक्रिया अपुऱ्या आहेत. उपभोगाने ग्रासलेल्या समाजात काटकसरीने जगणाऱ्या या कुटुंबांपासून समाजवादी कार्यकर्त्याने काय घ्यावे आणि काय नाकारावे, याचा विचार शांतपणे व्हावयास हवा.

अशा घरांतील दिनक्रम सर्वसाधारणपणे सारखाच असतो. दिवस उजाडण्यापूर्वी आई उठते. रात्री मळून ठेवलेल्या कणकेचे पाव भट्टीत जातात, कपडे धुण्याच्या यंत्राची पहिली खेप सुरू होते. न्याहारीला टोपभर ओटची लापशी. भिंतीवर कामांचा तक्ता टांगलेला असतो. भांडी कोणी घासावयाची, कोंबड्यांना दाणे कोणी टाकावयाचे, झाडलोट कोणाकडे, हे त्यावर लिहिलेले असते. प्रत्येक मोठ्या मुलाकडे एक लहान भावंड सोपविलेले असते. त्याचे दात घासणे, बूट शोधणे, रडणे थांबविणे ही थोरल्याची जबाबदारी. नऊच्या सुमारास जेवणाच्या टेबलाची शाळा होते. इतिहास आणि विज्ञान सर्वांना एकत्र, गणित व वाचन ज्याच्या त्याच्या पायरीप्रमाणे. आईच्या मांडीवर तान्हे मूल, समोर अपूर्णांक सोडविणारा मुलगा आणि शेजारी अक्षरे गिरविणारी मुलगी. थोरल्याचे पाठ्यपुस्तक पेन्सिलीच्या खुणा पुसून पाचव्यापर्यंत पोचते. दुपारी घेवड्याचे सूप, मग वाचन, परसातील भाजी, हंगामात फळे बरण्यांत भरून ठेवणे. आठवड्यातून एकदा ग्रंथालय. एखाद्या दिवशी अशीच आणखी काही कुटुंबे एकत्र जमतात. एकीची आई विज्ञान शिकविते, दुसरीची संगीत. सायंकाळी वडील कामावरून येतात. मुले झोपली की आई हिशेबाची वही उघडते आणि त्या दिवशी खर्च झालेला प्रत्येक डॉलर तीत उतरवते.

या जीवनपद्धतीचा इतिहास फार जुना नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये होरेस मान यांनी १८३७ पासून सर्वांसाठी समान अशा सार्वजनिक शाळेचा पुरस्कार केला. त्याच राज्याने १८५२ मध्ये शालेय उपस्थिती सक्तीची करणारा अमेरिकेतील पहिला कायदा केला आणि १९१८ पर्यंत सर्व राज्यांत तसे कायदे झाले. त्यानंतर सुमारे अर्धशतक शाळा ही तेथील सामाजिक जीवनाची गृहीत धरलेली चौकट होती. तिला पहिला वैचारिक धक्का दिला तो डाव्या विचारांच्या बाजूने. इव्हान इलिच यांनी समाज शाळामुक्त करण्याची कल्पना १९७० च्या सुमारास मांडली. स्वतः शिक्षक असलेले जॉन होल्ट शाळेच्या सुधारणेविषयी निराश झाले आणि १९७७ मध्ये त्यांनी घरी शिकविणाऱ्या पालकांसाठी एक वार्तापत्र सुरू केले. भीती, स्पर्धा आणि परीक्षा यांनी मुलाची जिज्ञासा मारली जाते, हा त्यांचा आक्षेप होता. पुढे १९८० च्या दशकात या चळवळीचे नेतृत्व धार्मिक सनातन्यांकडे गेले. १९९३ पर्यंत पन्नासही राज्यांत घरचे शिक्षण कायदेशीर ठरले. सरकारी पाहणीनुसार १९९९ मध्ये अशी सुमारे ८ लाख ५० हजार मुले होती. २०१२ पर्यंत त्यांची संख्या १८ लाखांच्या आसपास गेली. करोनाच्या साथीत, २०२० च्या वसंतापासून शरद ऋतूपर्यंतच्या काही महिन्यांत, एखादे तरी मूल घरी शिकणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण जनगणना खात्याच्या पाहणीत ५.४ टक्क्यांवरून ११.१ टक्क्यांवर पोचले.

या कुटुंबांतील जे चांगले आहे ते मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. गरज नसताना वस्तू विकत घ्यावयास लावणे हा ज्या अर्थव्यवस्थेचा प्राण आहे, तिच्या ऐन गाभ्यात राहून ही माणसे जाहिरातीला नकार देतात. जुने ते टाकाऊ, हे समीकरण ती मानीत नाहीत. तेथे मूल ग्राहक म्हणून वाढत नाही. घराच्या कामात त्याचा हात असतो आणि आपल्यावाचून कोणाचे तरी अडते, ही जाणीव त्याला लहानपणीच होते. निरनिराळ्या वयांची मुले एकत्र शिकतात, मोठी लहानांना शिकवितात. महाराष्ट्रातील एकशिक्षकी शाळांत हाडाचा शिक्षक याच युक्तीने चार इयत्ता सांभाळीत आला आहे. हाताच्या कामातून शिक्षण ही कल्पना तर १९३७ च्या वर्धा येथील परिषदेत गांधीजींनी राष्ट्रापुढे ठेवली होती. मात्र नयी तालीम ही गावाची शाळा होती. तीत सूत कातणारे मूल शेजारच्या, दुसऱ्या जातीच्या मुलाशेजारी बसून कातीत होते. घरच्या शाळेत नेमका तो शेजारी नसतो.

आता त्या वहीकडे वळू. तिच्यात पिठाचा भाव असतो, वाचविलेल्या वीजबिलाचा आकडा असतो, जुन्या कपड्यांच्या दुकानात दिलेला डॉलर असतो. एका पगारात आठ मुले वाढविली, याचा सार्थ अभिमान त्या आकड्यांतून व्यक्त होतो. परंतु अर्थशास्त्राचा साधा नियम असा की, एखादा खर्च वहीत दिसत नाही म्हणजे तो झालाच नाही असे नव्हे. तो दुसऱ्या कोणी तरी सोसलेला असू शकतो. मार्गारेट रीड या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ स्त्रीने १९३४ मध्ये घरगुती उत्पादनाची एक सोपी कसोटी मांडली. जे काम पैसे देऊन तिसऱ्या व्यक्तीकडून करवून घेता येते, ते काम घरात विनामोबदला झाले तरी उत्पादक श्रमच होय. ही कसोटी लावली तर या घरातील आई बेकरीवाली आहे, धोबीण आहे, परिचारिका आहे आणि पाच-सहा इयत्तांची शिक्षिकाही आहे. या सर्व नोकऱ्या ती एकाच वेळी करते, आणि वेतनाच्या रकान्यात शून्य असते. काटकसरीने झालेली बचत म्हणून जी दाखविली जाते, तिचा मोठा हिस्सा म्हणजे या न दिलेल्या वेतनाची बेरीज होय.

ही गोष्ट एखाददुसऱ्या घरापुरती नाही. १९९९ च्या त्याच सरकारी पाहणीत घरी शिकणाऱ्या मुलांपैकी ५२ टक्के मुलांच्या घरी आई-वडील दोघे असून त्यांपैकी एकच अर्थार्जन करीत होते; इतर मुलांमध्ये हे प्रमाण १९ टक्क्यांहूनही कमी होते. तीन किंवा अधिक मुले असलेल्या कुटुंबांतून येणाऱ्यांचे प्रमाण घरी शिकणाऱ्यांत सुमारे ६२ टक्के, तर इतरांत ४४ टक्के होते. घरी राहणारी व्यक्ती बहुधा आईच असते, हे सांगावयास आकडेवारीची गरज नाही. तिच्या त्यागाची किंमत पुढे वार्धक्यात चुकती होते. अमेरिकेतील सामाजिक सुरक्षेचे निवृत्तिवेतन ज्या पस्तीस वर्षांत सर्वाधिक कमाई झाली त्या वर्षांच्या सरासरीवर ठरते. जिने वीस-पंचवीस वर्षे पाव भाजले आणि मुले शिकविली, तिच्या नावावर तेवढी वर्षे शून्य कमाईची मांडली जातात. पतीच्या वेतनावर आधारलेला, जास्तीत जास्त अर्धा हिस्सा तिला मिळू शकतो; पण दहा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी विवाह मोडला तर घटस्फोटित पत्नी म्हणून तोही हक्क राहत नाही. आठ मुलांना वाचावयास शिकविणारी स्त्री राज्याच्या दप्तरात काहीच न करणारी ठरते.

आईखालोखाल भार पडतो तो थोरल्या मुलीवर. लहान भावंड सांभाळण्यात आत्मीयता आहे, शिक्षणही आहे. पण त्याला सीमा असावी लागते. शाळेत जाणाऱ्या मुलीच्या दिवसाचे काही तास तरी घंटेने बांधलेले, केवळ तिचे असतात. जिथे घर हीच शाळा, तिथे ही घंटा कोण वाजविणार? तान्हे रडू लागले की बीजगणित बाजूला ठेवले जाते आणि पुष्कळदा बाजूलाच राहते. कोणाचा दुष्ट हेतू त्यामागे नसतो. सर्वांत हाताशी असलेला आणि सर्वांत कमी तक्रार करणारा श्रमिक प्रथम राबविला जातो, हा कारखान्यातला अनुभव घरातही खरा ठरतो, एवढेच.

वहीत न उतरणारा दुसरा रकाना समाजाचा आहे. स्वावलंबनाचा अभिमान बाळगणाऱ्या या कुटुंबांचा सर्वांत मोठा आधार म्हणजे सार्वजनिक ग्रंथालय. आणि ग्रंथालय हे तर समाजाने सामाईक करातून उभे केलेले धन. रस्ते, उद्याने, संग्रहालये यांचेही तेच. मुलांमागे मिळणारी करसवलत हाही समाजाचाच हात आहे. काटकसरीची शक्ती कोठे संपते आणि सार्वजनिक धोरणाची कोठे सुरू होते, हे २०२१ आणि २०२२ या दोन वर्षांनी लख्ख दाखविले. २०२१ मध्ये ही सवलत तात्पुरती वाढवून सहा वर्षांखालील मुलासाठी ३,६०० डॉलर व त्यापुढील मुलासाठी ३,००० डॉलर करण्यात आली आणि उत्पन्न नसलेल्या कुटुंबांनाही ती पूर्ण मिळू लागली. करसवलती व शासकीय साहाय्य जमेस धरणाऱ्या सरकारी मापानुसार त्या वर्षी बालकांतील दारिद्र्याचे प्रमाण ५.२ टक्क्यांवर उतरले. वाढीव सवलत संपली, आणि २०२२ मध्ये ते १२.४ टक्क्यांवर गेले. त्या एका वर्षात लक्षावधी माता अचानक उधळ्या झाल्या असे कोणी म्हणणार नाही. घेवड्याचे सूप कितीही स्वस्त केले तरी त्यातून शस्त्रक्रियेचा खर्च निघत नाही. काटकसर हा सद्गुण खरा. पण दारिद्र्यावरचा उपाय म्हणून ती गरिबाला शिकविली जाऊ लागली की तो उपदेश नुसता क्रूर ठरतो.

तिसरा प्रश्न मुलाच्या स्वतंत्र व्यक्तित्वाचा. १९७२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने विस्कॉन्सिनमधील आमिश पंथाच्या पालकांना आठव्या इयत्तेनंतर मुलांना शाळेत न पाठविण्याची मुभा दिली. त्या खटल्यात न्यायमूर्ती डग्लस यांनी अंशतः भिन्न मत नोंदविले: वाद राज्य आणि पालक यांच्यात चालला आहे, पण ज्याच्या आयुष्याचा निर्णय होतो आहे त्या मुलाचे म्हणणे कोणी ऐकले काय? पन्नास वर्षे उलटली तरी या प्रश्नाला उत्तर मिळालेले नाही. बालहक्कांच्या १९८९ च्या संयुक्त राष्ट्रसंघीय करारनाम्यास मान्यता न देणारे संघाचे एकमेव सदस्य राष्ट्र आज अमेरिका आहे, आणि घरच्या शिक्षणाचा पुरस्कार करणाऱ्या संघटना त्या करारनाम्याच्या विरोधात अग्रभागी राहिल्या आहेत. न्यू यॉर्कसारख्या राज्यात पालकांना तिमाही अहवाल द्यावे लागतात. टेक्सास किंवा आयडाहोमध्ये मूल घरी शिकते आहे की शिकतच नाही, हे पाहणारी यंत्रणाच नाही. बालकांच्या छळाबाबत अमेरिकेत ज्या तक्रारी नोंदविल्या जातात त्यांपैकी सुमारे पंचमांश शिक्षक व शाळेतील अन्य माणसांकडून येतात. बहुसंख्य पालक प्रेमळ असतात हे निःसंशय खरे आहे. कायदा असतो तो उरलेल्या थोड्यांच्या मुलांसाठी.

यावर एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. सार्वजनिक शाळा तरी कोठे निर्दोष आहे? होल्ट यांचे आक्षेप खोटे नव्हते. करोनाच्या काळात घरच्या शिक्षणाकडे वळलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांचे प्रमाण ३.३ टक्क्यांवरून १६.१ टक्क्यांवर गेले. ही कुटुंबे सनातनी प्रचाराने भारलेली होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. वर्गात आपल्या मुलाला उठल्याबसल्या शिक्षा होते, त्याच्याकडून कोणी काही अपेक्षाच ठेवीत नाही, हा त्यांच्यापैकी अनेकांचा अनुभव होता. मूल आज वाढते आहे. शाळा सुधारेपर्यंत त्याने थांबावे, असे कोणत्या तोंडाने सांगावयाचे? या प्रश्नापुढे उपदेश करणाऱ्याने नम्र व्हावयास हवे. तथापि एक गोष्ट विसरता येत नाही. जी आई शाळेच्या सभेत उभी राहून भांडली असती, तीच शाळा सोडून जाते. आणि ज्यांच्या घरी दिवसभर थांबणारे कोणी नाही, अशांची मुले त्याच शाळेत, आता एक भांडणारा आवाज कमी होऊन, मागे राहतात.

महाराष्ट्राला या प्रश्नाचे वेगळे भान असावयास हवे, कारण घरची विद्या म्हणजे काय हे या भूमीने शतकानुशतके पाहिले आहे. विद्या पिढ्यान्‌पिढ्या काही जातींच्या घरांत होती आणि घरात होती म्हणूनच ती इतरांना मिळत नव्हती. १८४८ मध्ये पुण्याच्या भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी मुलींची शाळा काढली, तेव्हा त्यांनी विद्येला घराच्या उंबरठ्याबाहेर आणले. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढील निवेदनात जोतीरावांनी रयतेच्या करावर वरिष्ठ वर्गांचे शिक्षण चालते हे दाखवून देऊन प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात १९१७ मध्ये ती अमलात आणली. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात परिसरशाळेचा आणि समान शाळापद्धतीचा आग्रह धरला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य ठरविले. आज पुण्या-मुंबईतील काही सुस्थित कुटुंबे मुलांना घरी शिकवितात. त्यांच्या प्रयोगशीलतेबद्दल कटुता बाळगण्याचे कारण नाही. पण त्याच महाराष्ट्रात २०१७ च्या अखेरीस पटसंख्या दहाहून कमी म्हणून सुमारे तेराशे शाळा बंद करण्याचा निर्णय झाला, आणि २०२३ मध्ये लहान शाळा मोडून समूह शाळा करण्याचा बेत पुढे आला. पाड्यावरील मुलगी घरी राहील ती कोणाच्या शैक्षणिक तत्त्वज्ञानामुळे नव्हे, तर ओढ्यापलीकडची शाळा उठली म्हणून राहील. आणि घरी राहिलेल्या मुलीच्या कडेवर धाकटे भावंड येते, हे सांगण्यास पाहणीची जरुरी नाही.

२०१६ मध्ये बालकामगार कायद्यात झालेली दुरुस्ती या संदर्भात पुन्हा वाचण्याजोगी आहे. चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास तिने सर्वत्र बंदी केली. मात्र कुटुंबाच्या धोकादायक नसलेल्या कामात शाळेच्या वेळेनंतर किंवा सुटीत मदत करण्याची मुभा ठेवली. ही मुभा शाळेच्या वेळेवर उभी आहे. शाळाच नसेल तर वेळेनंतर या शब्दांना अर्थ काय उरतो? २०१९ च्या राष्ट्रीय कालविनियोग पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या भारतीय स्त्रिया विनामोबदला घरकामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवितात. असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे, आणि ते मुळात करणारे पुरुषच थोडे. या पाच तासांवर शिक्षिकेची नोकरीही चढवावयाची काय, हा प्रश्न घरच्या शिक्षणाचे गोडवे गाणाऱ्यांनी आधी आपल्या घरातील स्त्रीला विचारावा.

म्हणून भूमिका स्पष्ट असावी. काटकसरीची थट्टा नको; वस्तू पुरवून वापरणारे, मुलांना कामाची लाज न शिकविणारे घर हे उद्याच्या समाजालाही हवेच आहे. पण त्या घराचा हिशेब पुरा मांडला जावा. घरकामाच्या श्रमांना सामाजिक सुरक्षेत स्थान मिळावे, मूल कोठेही शिकत असो ते समाजाच्या दृष्टीआड होऊ नये, आणि घराच्या उष्णतेतील जे चांगले आहे, म्हणजे लहान वर्ग, हाताचे काम, थोरल्याने धाकट्याला शिकविणे, ते सार्वजनिक शाळेत यावे. कार्यकर्त्यांना याची सुरुवात आपल्याच गावी करता येईल. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेला जावे, पट कमी झालेल्या शाळेच्या बाजूने ग्रामसभेत उभे राहावे, वाडीवरच्या ग्रंथालयाचे कुलूप उघडे राहील हे पाहावे. एका घराने पोत्याने पीठ घेतले तर काही पैसे वाचतात. एका गावाने शाळा वाचविली, तर त्या गावातील थोरल्या मुलीला दिवसाचे पाच-सहा तास मिळतात, जे कोणत्याही वहीत तिच्या नावावर आजवर मांडलेले नव्हते.